कॅमेऱ्याचं घड्याळ

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण परीक्षेपुरता. त्यामुळे मॅडमनी जेव्हा मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर कृपया पोटात घाला! विषय मात्र मी माझा मीच निवडलाय: घरी सीसीटीव्ही कॅमेरे कसे बसवायचे. "त्यात काय लिहायचं? माणूस येतो, बसवून जातो," असं माझी रूममेट म्हणाली. आमच्याकडेही माणूस आला होता आणि बसवून गेला होता. त्यानंतर काय झालं, तेच सांगायचंय.

आमचं गाव केंदूर. शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात, पाबळच्या शेजारी. कान्हूराज महाराजांचं गाव म्हणून वारकरी मंडळींना ते ठाऊक असतं. आई-बाबा नोकरीमुळे पुण्यात, आणि गावच्या घरी आजी आणि आबा असे दोघेच. घर गावठाणात नाही, लांब वस्तीवर आहे. विहीर घरापासून खाली, पायवाटेने गेलं की लागते. आमच्या भागात रात्री दोन गोष्टींची धास्ती असते, बिबट्याची आणि केबलचोरांची. विहिरीवरच्या मोटरची केबल तांब्याची असते. चोर ती कापून नेतात, जाळून तांबं वेगळं करतात आणि भंगारात विकतात. त्यांना चार पैसे मिळतात, पण शेतकऱ्याचं पाणी ऐन गरजेच्या वेळी बंद पडतं.

२०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरतायत आणि मागोमाग चोर येतात, अशी बोलवा उठली होती. लोक रात्ररात्र जागत होते. तेव्हाच बाबांनी घाबरून घराला चार कॅमेरे लावून घेतले. एका दुकानाचा माणूस आला, दोन तासांत काम उरकलं, टीव्हीवर चित्र दाखवलं आणि गेला. सगळे खूश!

ती रात्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्री १० ला यायची. आमच्या शेतावर एक काका काम करतात, मी लहान असल्यापासून. ते रात्री "दारं धरायला" जायचे. (माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला वाटलं, कुणाच्या घराचं दार धरून उभं राहायचं असेल! नंतर कळलं, एका वाफ्यात पाणी भरलं की पाट वळवून पुढच्या वाफ्याला पाणी द्यायचं, त्याला दारं धरणं म्हणतात.)

मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. मोटर बंद पडली की आबांच्या फोनवर मेसेज येतो. त्या रात्री १२ वाजून २५ मिनिटांनी "मोटर बंद" असा मेसेज आला. आबांना वाटलं लाईट गेली असेल, ते झोपले. सकाळी पाहिलं तर केबल गायब.

लगेच सगळ्यांनी टीव्हीसमोर गर्दी केली. फाटकावरच्या कॅमेऱ्यात विहिरीकडे जाणारी वाट दिसते. रेकॉर्डिंग मागे नेलं आणि रात्री १२ वाजून २० मिनिटांनी एक माणूस विहिरीकडे जाताना दिसला. खांद्यावर काहीतरी गुंडाळी केलेलं. चेहरा दिसत नव्हता, पण चालण्यावरून सगळ्यांनी ओळखलं. काका!

काका म्हणाले, "आबा, मी धाच्या आत गेलो व्हतो. बाराला मी खालच्या वावरात व्हतो. पानी बंद झालं, मला वाटलं लाईट गेली, तिकडूनच घरी गेलो." यावर जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "कॅमेरा काय खोटं बोलतो व्हय?" काका गप्प बसले. १२.२० ला माणूस विहिरीकडे जातो आणि १२.२५ ला मोटर बंद होते, यावर कोण काय बोलणार? आबा तक्रारीत त्यांचं नाव घालायच्या विचारात होते. आजी चुलीपाशी बसून नुसती डोळे पुसत होती.

मी रिमोट घेऊन ते रेकॉर्डिंग पुढे-पुढे पळवत बसले, खरं तर दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून. तेवढ्यात आजी दिसली, हातात दुधाची किटली घेऊन डेअरीला निघालेली. चित्र काळं-पांढरं, म्हणजे कॅमेरा रात्रीच्या मोडमध्ये. आजूबाजूला मिट्ट काळोख. आणि कोपऱ्यातली वेळ? सकाळचे ८.००!

सकाळी आठला केंदुरात काळोख कसा असेल? आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मी रोज साडेपाचला जाते गं, आज बी साडेपाचलाच गेले." फरक बरोबर अडीच तासांचा. मग मी डीव्हीआरचं सेटिंग उघडलं. टाइम झोन होता जीएमटी अधिक ८.००, म्हणजे चीनची वेळ. कारखान्यातून आला तसाच! आपली भारतीय वेळ जीएमटी अधिक ५.३०. आठातून साडेपाच वजा केले की उरतात अडीच तास.

म्हणजे पडद्यावरचे १२.२० हे खरे रात्रीचे ९.५० होते. काका सांगत होते तस्से! खांद्यावर होतं ते खोरं आणि गुंडाळलेली घोंगडी. खऱ्या १२.२५ च्या आसपास काय घडलं ते बघायला पडद्यावरच्या २.५५ ला जावं लागलं. तिथे एक मोटरसायकल दिसली, दोन माणसं. हेडलाईटमुळे सगळं चित्र पांढरंफटक. नंबर नाही, चेहरे नाहीत. चोर आजपर्यंत सापडलेले नाहीत. पण आबा स्वतः काकांच्या घरी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही, आल्यावर कुणाशी बोलले नाहीत.

तेव्हा मला एक गोष्ट पटली. कॅमेरा चोराला अडवत नाही, तो साक्षीदार असतो. साक्षीदार जागा पाहिजे, त्याला नीट दिसलं पाहिजे, त्याने वेळ बरोबर सांगितली पाहिजे आणि त्याने भलत्याला भलतं सांगता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी तो नसलेला बरा. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे मुलं हाताने काम करत शिकतात. आपण तीन वर्षं सर्किट्स शिकतो, मग घरचं काम आपणच का करू नये? उरलेल्या सुट्टीत मी सगळी सिस्टीम नव्याने बसवली. आता तेच क्रमाने सांगते.

साक्षीदार जागा हवा: पॉवर

गोठ्यावरचा कॅमेरा दिवसा छान चालायचा आणि रात्री बंद-चालू व्हायचा. सगळे म्हणायचे, "पीस खराब आहे." पीस ठीक होता. त्याला घरातून ६० मीटर लांब, साध्या नेटवर्क केबलच्या तारांतून १२ व्होल्ट दिले होते. त्यातल्या एका तारेचा रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण ९ ओहम असतो. जायची आणि यायची मिळून १२० मीटर, म्हणजे अंदाजे १० ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो, तेव्हा २ व्होल्ट वाटेत जातात. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागले की तो ०.५ अँपिअर घेतो, आणि ५ व्होल्ट वाटेतच खलास. कॅमेऱ्याला मिळतात ७. मग तो बंद पडणारच! पहिल्या वर्षाचा ओहमचा नियम, दुसरं काही नाही.

उपाय म्हणून मी नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा स्विच घेतला. यात साधारण ४८ व्होल्ट जातात. व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, आणि करंट कमी म्हणून तोटा अगदी थोडा. चित्रही त्याच केबलमधून येतं. मर्यादा १०० मीटर. यासाठी मात्र नेटवर्कवर चालणारे कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, लागतो. जुने कोअॅक्स केबलचे कॅमेरे आणि डीव्हीआर असतील तर ते टाकून द्यायची गरज नाही. त्यात चित्र कित्येक मीटर नीट जातं, फक्त लांबच्या कॅमेऱ्याचा अॅडाप्टर कॅमेऱ्याजवळच लावावा.

दुसरी गोष्ट म्हणजे लाईट जाणं. चार कॅमेरे प्रत्येकी ६ वॉटचे, रेकॉर्डर २० वॉट, राउटर आणि स्विच मिळून १० वॉट धरा. एकूण सुमारे ५५ वॉट. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तरी ९०० वॉट-तास मिळतात. इन्व्हर्टरचा तोटा धरून १२-१३ तास निघतात. पंखा आणि टीव्ही त्याच इन्व्हर्टरवर चालले तर हा हिशोब कोलमडतो, हे आबांना समजावून सांगायला लागलं. आणि वळवाच्या विजा आठवून सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग यांत कंजुषी करू नये.

नीट दिसलं पाहिजे: लेन्स आणि जागा

"फुल एचडी आहे, सगळं क्लिअर दिसणार" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. पण फुल एचडी म्हणजे आडवे १९२० ठिपके, एवढंच. ते किती रुंदीवर पसरले त्यावर सगळं अवलंबून. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर एका मीटरला साधारण २५० ठिपके हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकातला अंदाज आहे. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. कुणीतरी आहे एवढं कळायला २५ सुद्धा चालतात.

आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरची लेन्स होती. ती साधारण १०० अंशांचं रुंद दृश्य दाखवते. टीव्हीवर छान वाटतं, अख्खं अंगण दिसतं! पण १५ मीटरवरच्या वाटेवर हे दृश्य जवळजवळ ३६ मीटर रुंद होतं. १९२० भागिले ३६, म्हणजे मीटरला ५३ ठिपके. माणसाचा चेहरा १६ सेंटिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला आले ८-९ ठिपके. एवढ्या ठिपक्यांवर आम्ही एका माणसाला चोर ठरवत होतो! या लेन्सने अनोळखी चेहरा नीट ओळखू येतो तो फक्त ३ मीटरपर्यंत.

म्हणून आता वाटेच्या तोंडाशी ६ मिलिमीटरचा कॅमेरा लावलाय. त्याचं दृश्य अरुंद आहे, पण ७-८ मीटरवरचा चेहरा ओळखता येतो. थोडक्यात, एक कॅमेरा सगळं दिसण्यासाठी आणि एक कॅमेरा जिथून जाणं भाग आहे तिथला चेहरा टिपण्यासाठी.

बाकी गोष्टी मुद्द्यांत देते:

१. उंची अडीच ते तीन मीटर ठेवा. फार वर लावला तर फक्त टोप्या आणि फेटे दिसतात.

२. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पांढरी भिंत किंवा पत्र्याची कड येऊ देऊ नका. इन्फ्रारेड प्रकाश त्यावरून उलटा येतो आणि बाकीचं काळं पडतं.

३. त्या प्रकाशाला किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी जाळं विणतो. रात्री ते जाळं पडदाभर चमकतं. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसा. हे काम आजीने स्वतःकडे घेतलंय, काठीला फडकं बांधून!

४. नंबरप्लेट प्रकाश परतवणारी असते, त्यात हेडलाईटची भर. साध्या कॅमेऱ्यात रात्री नंबर येईलच अशी आशा ठेवू नका. कॅमेरा समोरून न लावता थोडा बाजूला लावा आणि वाटेवर एक साधा बल्ब लावा. बल्बने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या सेटिंगने पडला नाही.

लक्षात राहिलं पाहिजे: हार्ड डिस्क

सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा खातो. गुणाकार करून बघा, वायवात विचारतील! चार कॅमेरे म्हणजे ८६.४ गिगाबाइट. १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि त्यानंतर जुनं पुसून नवीन लिहिलं जातं. २ टेराबाइटला २३ दिवस. म्हणून काही घडलं तर त्याच दिवशी कॉपी काढून ठेवा. "नंतर बघू" म्हणालात की गेलं.

वेळ बरोबर हवी: घड्याळ

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि फुकट आहे, तरी राहून जातं. सेटिंगमध्ये टाइम झोन जीएमटी अधिक ५.३० करा. परदेशातल्यासारखं उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचं एक सेटिंग असतं, ते बंद ठेवा. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय असते, ती चालू करा. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिच्या टाइम सर्व्हरवरूनही वेळ घेता येते. इंटरनेट नसेल तर महिन्यातून एकदा मोबाईलशी ताडून पाहा. रेकॉर्डरच्या आत घड्याळासाठी एक छोटी बटण बॅटरी असते. ती संपली की लाईट गेल्यावर तारीख एकदम कित्येक वर्षं मागे जाते.

वेळ किती महत्त्वाची असते याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ पर्यंत होती. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज मुदतीनंतर आला होता, असं म्हणत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते आणि अर्ज तीनच्या आत आला की नंतर, हे ठरवताना त्या चित्रीकरणाचा आधार घेतला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. आमदारकी राहणार की जाणार, हे घड्याळावर येऊन ठेपलं होतं!

त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र हजर न करता इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवं. तेव्हा हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आणि त्यातल्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसाच समजा. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेली क्लिप पुरावा म्हणून भरवशाची नाही, कारण तिथे फाईल दाबून लहान केली जाते. रेकॉर्डरमधून पेन ड्राईव्हवर मूळ फाईल घ्या.

भलत्याला भलतं सांगू नये: पासवर्ड आणि शेजार

आमच्या जुन्या डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच मदतीने डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत कित्येक मोठ्या वेबसाईट्स काही तास बंद पडल्या. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या सुरक्षा चाचणीचा सरकारी नियम लागू झालाय, पण दुकानात कॅमेरा किती जुना पडलेला आहे ते विचारून घ्या. पासवर्ड स्वतः बदला, बसवणाऱ्याला सांगू नका आणि वर्षातून एकदा सॉफ्टवेअर अपडेट करा.

आणि शेवटचा मुद्दा आजीचा. "पडवीत नको बाई तुझा कॅमेरा. मी तिथं भाकरी थापते, केस विंचरते. कुनी बगायचं न्हाई मला." मी कॅमेरा फिरवला. शेजारच्या काकूंचं अंगणही दृश्यात येत होतं. सेटिंगमध्ये चित्राचा एखादा भाग काळा करायची सोय असते, ती वापरून ते झाकलं आणि काकूंना बोलावून टीव्हीवर दाखवलं. "आता बरं हाय," म्हणाल्या.

शिडीवर चढून ड्रिल मारताना खाली शिडी धरायला काका होते. मी म्हटलं होतं, राहू द्या, तुम्ही नका थांबू. पण ते थांबले. सगळं झाल्यावर त्यांनी वर कॅमेऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मोबाईलकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, आता घड्याळ जुळतंय न्हवं?" मी त्यांना टीव्हीवरची वेळ दाखवली. मिनिटाला मिनिट जुळत होतं. त्यांनी मान हलवली आणि खोरं उचलून शेताकडे गेले.

मित्रहो, सुट्टीला घरी जाल तेव्हा चिवडा-लाडू खाण्याआधी एक काम करा. घरातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ शेजारी-शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर लगेच दुरुस्त करा. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्येही कॅमेरे आहेत, तेव्हा ऑफिसातल्या काकांनाही माझी हीच नम्र विनंती.